चालू असलेले कॉम्प्युटर पिंगला उत्तर देत नसतील तर नेटवर्कवर कसे शोधायचे?

सगळ्या आयपी पत्त्यांना पिंग केलं (म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवला), पण समोर चालू दिसणारे काही कॉम्प्युटर यादीत आलेच नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. पिंगला उत्तर द्यायचं की नाही हे त्या त्या मशीनची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे संदेश अडवणारं सॉफ्टवेअर, ठरवते. विंडोजवर नेटवर्क 'पब्लिक' ठेवलेलं असेल तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

पण तुमचं अर्धं काम झालेलं आहे! पिंग पाठवण्याआधी तुमच्या मशीनला 'हा आयपी कोणाचा?' असं एआरपीनं, म्हणजे आयपीवरून मशीन शोधण्याच्या पद्धतीनं, सगळ्यांना विचारावंच लागतं. ज्याचा तो आयपी असतो, तो आपला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, कळवतो. फायरवॉल सहसा इथे आडवी येत नाही, कारण हे उत्तर दिलं नाही तर त्या मशीनशी आयपीव्ही४ वर कोणाला बोलताच येणार नाही. म्हणून पुन्हा सगळ्यांना पिंग करा आणि लगेच एआरपी टेबल, म्हणजे तुमच्या मशीननं ठेवलेली या उत्तरांची यादी, बघा. विंडोजवर त्यासाठी 'एआरपी -ए' ही कमांड आहे. पिंगला गप्प राहिलेली मशीनही तिथे मॅक पत्त्यासकट सापडतील. उशीर मात्र करू नका, जुन्या नोंदी पुसल्या जातात.

हे वारंवार करायचं असेल तर एनमॅप टाका. नेटवर्क तपासायचं हे १९९७ पासूनचं, मोफत आणि भरवशाचं साधन आहे. 'एनमॅप -एसएन १९२.१६८.१.०/२४' ही कमांड २५६ पत्ते तपासते. तुमची रेंज वेगळी असेल तर ती घाला. लिनक्सवर ती सुडो लावूनच, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं, चालवा. सुडोशिवाय एनमॅप एआरपी वापरत नाही आणि तुमची मूळ अडचण तशीच राहते.

राउटरमधली डीएचसीपी यादी (राउटरनं आपोआप वाटलेल्या आयपींची) मी फक्त पडताळणीला वापरतो. हाताने आयपी दिलेली मशीन तिच्यात नसतात, आणि निघून गेलेली काही काळ दिसत राहतात.

मॅक पत्त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून कार्ड बनवणारी कंपनी कळते. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता सॉफ्टवेअरनं दिलेला असतो. हल्लीचे फोन असेच पत्ते वापरतात, तेव्हा अनोळखी दिसला म्हणून लगेच घुसखोर समजू नका.

एआरपी राउटरच्या पलीकडे जात नाही. गेस्ट वाय-फाय किंवा वेगळं व्हीलॅन (त्याच उपकरणांवर वेगळं काढलेलं नेटवर्क) असेल तर तिथे जोडलेल्या मशीनवरूनच हे पुन्हा करावं लागेल. नेटवर्क ऑफिसचं असेल तर स्कॅन करण्याआधी ते सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्या.