घोड्यांच्या वागणुकीचा अभ्यास करायला युकेत यायचंय ना, मग थोडं सविस्तर सांगते

तू विचारलंयस की झूलॉजीत बीएस्सी झालंय, घोडे लहानपणापासून आवडतात, पण प्रत्यक्ष घोड्यावर बसणं जेमतेम दहाबारा वेळा झालंय, तर युकेत हॉर्स बिहेवियर आणि वेल्फेअरमध्ये (म्हणजे घोड्यांची वागणूक आणि त्यांचं भलं) मास्टर्स करायला यावं का, रायडिंग येत नसेल तर घेतात का, आणि नंतर नोकरीचं काय. मी हेच मास्टर्स इथे येऊन केलं, मग वर्षभर एका रेस्क्यू सेंटरमध्ये होते आणि आता पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाच.

आधी रायडिंगचा प्रश्न. नाही आलं तरी बहुतेक कोर्सना चालतं, कारण या अभ्यासात घोड्यावर बसण्यापेक्षा घोड्याकडे बघण्याला महत्त्व आहे. बऱ्याच मुलींचा (आमच्या वर्गात मुलीच जास्त होत्या) इथेच गैरसमज होतो. त्यांना वाटतं रोज घोड्यांवर असू, आणि पहिल्या महिन्यात हातात येते ती वही, स्टॉपवॉच आणि पावसात उभं राहायची तयारी. आमचा पहिला प्रॅक्टिकल असा होता की कुरणात सहा घोडे, दर दोन मिनिटांनी प्रत्येक घोडा काय करतोय ते नोंदवायचं, असं सलग तीन तास. चरतोय, उभा आहे, दुसऱ्याचा खांदा खाजवतोय, कान मागे पाडून कुणाला हाकलतोय, झालं. पहिल्या तासाला मला वाटलं यात शिकण्यासारखं काय आहे. तिसऱ्या तासाला लक्षात आलं की एक तांबूस घोडी एकदाही पाण्याच्या टाकीजवळ गेलेली नाही, कारण दरवेळी ती निघाली की एक म्हातारा घोडा फक्त मान वळवायचा आणि ती थांबायची. त्याने ना चावा घेतला ना लाथ मारली, नुसती मान वळवली. वही नसती तर हे मला कधीच दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी कुरणाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक टाकी ठेवली गेली आणि ती घोडी तिथे पोटभर पाणी प्यायली. माझ्यासाठी हा कोर्स त्या दिवशी सुरू झाला. तुला असं तासन्‌तास बघत बसायला मनापासून आवडत असेल तर ये. फक्त घोड्यांच्या जवळ राहायचंय एवढंच असेल तर त्याला दुसरे, पुष्कळ स्वस्त मार्ग आहेत.

शिकवतात काय, तर साधारण तीन धागे असतात. पहिला लर्निंग थिअरी, म्हणजे घोडा शिकतो कसा. बहुतेक पारंपरिक ट्रेनिंग दाब द्यायचा आणि हवं ते केलं की दाब सोडायचा यावर चालतं, आणि शिकवणारी गोष्ट दाब नसून तो सोडण्याचा क्षण असते. अर्धा सेकंद उशीर झाला की घोडा भलतंच शिकतो, आणि माणूस म्हणतो घोडा हट्टी आहे. हा विषय सोप्या मराठीत कुणीतरी लिहायला हवा असं मला फार वाटतं. याच धाग्यात बर्लिनचा हान्स नावाचा घोडा येतोच, जो टापा आपटून गणितं सोडवायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सही चुकतो, कारण तो माणसाच्या डोक्याची अगदी बारीकशी हालचाल वाचून थांबत होता. लोक ही गोष्ट घोडा फसवत होता अशी सांगतात, मला ती नेहमी उलटी वाटते. माणसाला स्वतःची जी हालचाल कळत नव्हती ती घोड्याला दिसत होती.

दुसरा धागा वेल्फेअर मोजायचा कसा. यात प्राण्यांच्या वेल्फेअरवर काम करणारे शास्त्रज्ञ डेव्हिड मेलर यांचं फाइव्ह डोमेन्स मॉडेल पाठच होतं, म्हणजे पोषण, वातावरण, आरोग्य, वागणूक आणि या चारांचा मिळून प्राण्याच्या मनावर होणारा परिणाम. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे साधारण सोळा तास चरत असतो आणि त्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, पोट रिकामं असलं तरी. आता त्याला दिवसातून दोनदा खुराक आणि मोजकंच गवत देऊन बाकी वेळ तबेल्यात बंद ठेवला तर काय होणार ते तूच सांग. मग तो दाराची कड दातांत धरून हवा ओढायला लागतो, किंवा दारात उभा राहून डावीउजवीकडे झुलत राहतो, आणि मालक म्हणतात त्याला वाईट सवय लागली. सवय हा शब्दच आम्हाला पहिल्या टर्ममध्ये सोडायला लावला. तिसरा धागा वेदना. हॉर्स ग्रिमेस स्केल, म्हणजे घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत, त्यात चेहऱ्यावरच्या सहा खुणा बघतात, कान ताठ मागे, डोळ्याभोवतीचा ताण, नाकपुड्या, हनुवटी वगैरे. घोड्यांच्या डॉक्टर स्यू डायसन आणि सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असतानाच्या 24 वागणुकींची यादी केलीय, त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर कुठेतरी दुखतंय असं समजून तपासायचं. तोंड उघडणं, शेपूट सारखी झटकणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं. हे शिकलं की पुढे कुठलीही स्पर्धा पूर्वीसारखी बघता येत नाही, याची मनाची तयारी ठेव.

आणि हो, स्टॅटिस्टिक्स. भरपूर. झूलॉजीत तू थोडं केलं असशील, येण्याआधी आर नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकून घे, खरंच सांगते. वर्गात हुशार पण आकड्यांना घाबरणाऱ्या दोघीजणी याच कारणाने डेझर्टेशनमध्ये (शेवटच्या संशोधन प्रबंधात) अडकल्या.

कुठे अर्ज करायचा. एडिंबराचं अप्लाइड ॲनिमल बिहेवियर अँड ॲनिमल वेल्फेअरचं मास्टर्स 1990 पासून चालू आहे, ते सगळ्या प्राण्यांचं आहे पण डेझर्टेशन घोड्यांवर करता येतं. फक्त घोडे हवे असतील तर हार्टपुरी, ॲबरिस्टविथ, नॉटिंगहम ट्रेंटचा ब्रॅकनहर्स्ट कॅम्पस ही नावं बघ. एडिंबराचंच इक्वाइन सायन्सचं मास्टर्स ऑनलाइन आहे, ज्यांना देश सोडणं जमत नाही त्यांच्यासाठी चांगलं, पण ऑनलाइन कोर्सवर स्टुडंट व्हिसा मिळत नाही हे लक्षात ठेव. युकेबाहेर म्हणशील तर व्हिएन्नात घोड्यांवरचं बॅचलर्स आहे, पण त्यासाठी जर्मन हवं. कोर्सचं नाव बघून भुलू नकोस. प्रत्येक ठिकाणी ईमेल करून तीन गोष्टी विचार, आठवड्यात प्रत्यक्ष घोड्यांबरोबर किती तास, युनिव्हर्सिटीचे स्वतःचे घोडे रात्रंदिवस तबेल्यात असतात की कुरणात सोडतात, आणि गेल्या वर्षी डेझर्टेशनचे विषय काय होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या सुरात येतं त्यावरून बरंच कळतं. हेही समजून घे की ही डिग्री घेऊन तू व्हेट (जनावरांची डॉक्टर) होत नाहीस, तो रस्ता पूर्ण वेगळा आणि लांब आहे.

आता व्हिसा, कारण यात मी पोळलेय. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि मास्टर्सवाल्यांना उन्हाळ्याची सुट्टी सुट्टी म्हणून मिळत नाही, डेझर्टेशनचा तो काळ टर्ममध्येच धरतात. शिवाय सेल्फ एम्प्लॉयड काम अजिबात चालत नाही. घोड्यांच्या जगात नेमकं सगळं असंच चालतं गं, कुणी म्हणतं माझ्या घोड्याला रोज खरारा कर, सकाळी लीद काढ, मी रोख देईन, कुणी म्हणतं कामाच्या बदल्यात राहायची खोली घे. मी पहिल्या टर्ममध्ये एका यार्डवर, म्हणजे खाजगी तबेल्यावर, असंच काम धरलं, खोली मिळाली म्हणून खूश होते. दोन आठवड्यांत लक्षात आलं की सकाळ संध्याकाळ आणि शनिवार रविवार धरून तास 30 च्या वर जातायत, आणि कागदावर काहीच नाही. मालकीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या इथे सगळ्या मुली असंच करतात. सगळ्या मुली या देशाच्या नागरिक होत्या, त्यांचं काही जाणार नव्हतं. मी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन सगळं सांगितलं, त्यांनी नीट समजावलं, आणि त्याच आठवड्यात मी ती खोली सोडली. भर नोव्हेंबरात घर शोधणं काय असतं ते तुझ्यावर येऊ नये म्हणून एवढं लिहितेय. तर पगाराची स्लिप देणारीच नोकरी घे, आणि फुकट केलेलं कामसुद्धा तासांत मोजलं जाऊ शकतं म्हणून आधी विचार. पैशांचं म्हणशील तर फीशिवाय 9 महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस दिसावा लागतो, तो आकडा सरकारी साइटवरूनच घे कारण बदलत राहतो. लग्न झालेलं असेल तर टॉट मास्टर्सवर (संशोधनाचं नाही, वर्गात शिकवतात ते) नवऱ्याला आणता येत नाही, जानेवारी 2024 पासून ते बंद झालं.

येण्याआधी काय करावं, तर घोडे हाताळायला शिक. मोहरकी घालणं, चालवत नेणं, खूर उचलून साफ करणं, मागून कधीच गुपचूप न जाणं. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं पण थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये, आणि लोखंडी टोकाचे बूट घे. माझ्या पायावर एक शांत, म्हातारा, अत्यंत गुणी घोडा चुकून उभा राहिला होता, अंगठ्याचं नख जायला तेवढं पुरतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तुला खूप काही दिसायला लागेल आणि बोलता येणार नाही. लगामाचा नाकावरचा पट्टा इतका आवळलेला की खाली दोन बोटं जात नाहीत, घोडा ओठ हलवत राहतो, आणि समोरची बाई त्याच्यावर जीव ओवाळून टाकते, खोटं नाही, खरंच प्रेम आहे तिचं. तू परदेशातून आलेली विद्यार्थिनी, ती तीस वर्षं घोडे पाळतेय. मी सुरुवातीला तोंडावर बोलायचे आणि लोक माझ्याशी बोलेनासे झाले, घोड्याचं काहीच भलं झालं नाही. रेस्क्यू सेंटरमधल्या एका वयस्कर बाईंनी मला शिकवलं की आधी त्यांच्या घोड्याबद्दल विचारायचं, ऐकायचं, मग म्हणायचं की हा पट्टा दोन भोकं सैल करून आठवडाभर बघूया का काय फरक पडतो. बहुतेक जण करतात.

नोकरीचं खरं सांगते, पगार मोठे नाहीत. वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर, रेडविंग्ज, डाँकी सँक्च्युअरी, ब्लू क्रॉस अशा संस्था आहेत, ब्रूकसारखी संस्था कष्टाच्या कामातल्या घोडे गाढवांसाठी अनेक देशांत काम करते, तिथे तुझ्यासारख्या दोन जगं बघितलेल्या माणसाला किंमत असते. वागणुकीच्या केसेस स्वतः बघायच्या असतील तर इथे एबीटीसीचं (ॲनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग कौन्सिल) रजिस्टर आहे, त्यात नाव यायला डिग्रीनंतर अनुभवाची वर्षं लागतात. ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायचा व्हिसा, मास्टर्सनंतर 2 वर्षांचा मिळतो, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिनेच मिळणार आहे, तुझ्या तारखा यातच बसतील म्हणून हिशोब त्यावरच कर. त्यानंतर नोकरीवर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाला पगाराची जी अट आहे ती यार्डवरच्या किंवा सेंटरमधल्या साध्या नोकरीतून भागत नाही. मला टिकता आलं ते पीएचडीमुळे. कर्ज काढून येणार असशील तर हे घरच्यांना समोर बसवून सांग, लपवू नकोस.

एवढं वाचूनही यायचंच असेल तर अर्जाआधी एक कर. तुझ्या ओळखीत जिथे कुठे घोडा असेल तिथे मालकाला विचारून एक तास लांब बस, त्याला हात लावू नकोस, फोन बाजूला ठेव, दर दोन मिनिटांनी काय दिसलं ते लिही. कान कुठे, वजन कोणत्या पायावर, काय खातोय, कुणाकडे बघतोय. तीस ओळी होतील. त्या मला पाठव, अर्जासोबतचं पर्सनल स्टेटमेंट कसं लिहायचं ते आपण त्यावरूनच ठरवू.