एसएसडी बसवल्यावर विंडोजमध्ये काय बदलावे आणि काय बदलू नये

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. केंद्रातील संगणक दहा वर्षांपूर्वीचा असून त्यावर विंडोज १० आहे. पीक विम्याच्या दिवसांत तो सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटे लागत, म्हणून मागील महिन्यात हार्ड डिस्कऐवजी २५० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, फ्लॅश मेमरीची वेगवान डिस्क) बसवून घेतली. दुकानदाराने जुन्या हार्ड डिस्कवरचे सर्व काही जसेच्या तसे तिच्यावर उतरवून दिले. आता एका मित्राने मोबाइलवर पंधरा बदलांची यादी पाठवली आहे : डीफ्रॅग बंद करा, पेजफाइल काढून टाका, हायबरनेशन बंद करा, ‘राइट कॅशिंग’च्या दोन्ही चौकोनांत खूण करा, इत्यादी. आमच्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही आणि यूपीएसची बॅटरीही उतरली आहे. यांपैकी नेमके काय करावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आपल्या यादीतील बरेचसे बदल ज्या काळात सुचवले गेले, त्या काळी ते चुकीचे नव्हते. विंडोज एक्सपीला एसएसडी आणि हार्ड डिस्क यांतला फरकच कळत नसे, त्यामुळे वापरणाऱ्याला तो हाताने सांभाळावा लागे. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून हे काम विंडोज स्वतः करू लागले. त्यामुळे आपल्याला नवे बदल करण्यापेक्षा विंडोजने आपली डिस्क बरोबर ओळखली आहे की नाही, एवढे तपासण्याची गरज अधिक आहे.

हे तपासणे आपल्या बाबतीत विशेष आवश्यक आहे, कारण डिस्क जशीच्या तशी उतरवलेली आहे. स्टार्ट मेनूत ‘डीफ्रॅगमेंट’ असे टाइप केले की ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ ही खिडकी उघडते. तिच्यात सी ड्राइव्हसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिलेले दिसले पाहिजे. तेथे अजूनही ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ असेच दिसत असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘विनसॅट फॉर्मल’ (winsat formal) ही आज्ञा एकदा चालवावी. तिच्यामुळे विंडोज डिस्कची नव्याने पारख करते. त्यानंतर त्याच खिडकीतील ‘ऑप्टिमाइझ’ बटण एकदा दाबावे आणि आठवड्याचे वेळापत्रक चालूच ठेवावे. डीफ्रॅगच्या, म्हणजे विखुरलेल्या फाइलींचे तुकडे पुन्हा लिहून एकत्र आणण्याच्या, भीतीने हे वेळापत्रक बंद करणारे पुष्कळ भेटतात, परंतु डिस्क एसएसडी म्हणून ओळखली गेली असेल तर या बटणाने प्रामुख्याने ट्रिमचे काम होते.

ट्रिमची गरज का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. एसएसडीतील फ्लॅश मेमरीवर लिहिताना लहान पानापुरते लिहिता येते, पण पुसताना अशा अनेक पानांचा पूर्ण गठ्ठाच पुसावा लागतो. आपण एखादी फाइल काढून टाकली तरी विंडोज फक्त आपल्या यादीतून तिचे नाव खोडते. ती जागा आता निरुपयोगी झाली आहे, हे डिस्कला समजत नाही आणि ती तो मजकूर जपत, इकडून तिकडे हलवत बसते. ट्रिम ही बातमी डिस्कपर्यंत पोहोचवते. डिस्कला गठ्ठे हलवायला उसंत मिळावी म्हणून २५० जीबीपैकी ३०-४० जीबी जागा नेहमी मोकळी ठेवावी.

पेजफाइलला, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास विंडोज डिस्कवर वापरते त्या फाइलला, मात्र हात लावू नये. ती काढल्याने डिस्क अधिक टिकेल ही समजूत आकडे पाहिले की उरत नाही. या आकाराच्या चांगल्या एसएसडीला १५० टीबीपर्यंतच्या (एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी) लेखनाची हमी मिळते. आपल्या केंद्रात रोज २० जीबी लिहिले जाते असे धरले, आणि ते सढळ हातानेच धरलेले आहे, तरी एवढे लेखन व्हायला वीस वर्षे लागतील. उलट रॅम कमी पडली आणि पेजफाइलही नसली, तर सातबारा आणि विम्याचे अर्ज एकाच वेळी उघडे असताना ब्राउझर मध्येच बंद पडेल.

हायबरनेशन, म्हणजे उघडे काम डिस्कवर जपून संगणक बंद करण्याची सोय, बंद केल्यास ८ जीबी रॅमच्या संगणकावर साधारण तीन जीबी जागा सुटते, त्याबरोबर जलद सुरू होण्याची सोय जाते. जागेची चणचण नसेल तर ते राहू द्यावे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी उघडता येणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क जोडण्याची पद्धत जुनी ‘आयडीई’ दिसल्यास नवी ‘एएचसीआय’ करणे चांगले, परंतु ती थेट बदलल्यास विंडोज निळा पडदा दाखवून थांबू शकते. म्हणून आधी ‘एमएसकॉन्फिग’ (msconfig) उघडून तिथे सेफ मोडची, म्हणजे विंडोज मोजक्या गरजेच्या भागांसह सुरू करण्याची, खूण करावी, मग बायोसमध्ये बदल करावा, संगणक एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावा आणि नंतर ती खूण काढावी.

आता यादीतील सर्वांत घातक सूचनेकडे वळतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या ‘पॉलिसीज’ या पानावर दोन चौकोन असतात. पहिला राइट कॅशिंगचा, म्हणजे मजकूर आधी तात्पुरत्या मेमरीत घेऊन मग डिस्कवर लिहिण्याचा आहे. त्यातील खूण मुळातच असते, ती असू द्यावी. दुसरा चौकोन ‘फ्लशिंग’ बंद करण्याचा आहे. म्हणजे महत्त्वाचा मजकूर तात्पुरत्या मेमरीतून खरोखर डिस्कवर उतरवण्याचा जो आग्रह विंडोज धरते, तो सोडून देण्याचा. डिस्कला वीज जाण्याच्या प्रसंगासाठी वेगळा पुरवठा नसेल तर येथे खूण करू नये, असे त्या चौकोनाखालीच लिहिलेले असते. मी स्वतः वेगाच्या मोहाने ती खूण केली होती. एप्रिलमधील अवकाळी वादळात लाइन गेली, आणि परत आली तेव्हा गावातील बचत गटाच्या हिशेबाची, मी नुकतीच ‘सेव्ह’ केलेली फाइल शून्य आकाराची होऊन बसली होती. त्या बायांनी चार महिन्यांच्या पावत्या पुन्हा वाचून दाखवल्या आणि मी त्या पुन्हा भरल्या. आपल्या केंद्रातील कागद तर शंभर घरांचे असतात. त्यामुळे पंधरा बदलांत घालवायचा वेळ आणि पैसा आपण यूपीएसच्या नव्या बॅटरीवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रिमची दुसरी बाजूही लक्षात असू द्यावी. हार्ड डिस्कवरून चुकून काढलेली फाइल पुष्कळदा परत मिळवता येत असे. एसएसडीवर ट्रिम झाल्यानंतर ती परत मिळण्याची आशा जवळपास नसते. आपली जुनी हार्ड डिस्क चांगल्या स्थितीत असल्यास ती विकू नये. बाहेरून जोडण्याचे कव्हर घेऊन त्यात ती घालावी आणि दर शनिवारी केंद्र बंद करण्यापूर्वी कामाचे फोल्डर तिच्यावर उतरवून घ्यावे. या कामासाठी दुसरी एसएसडी घेऊन ती लोखंडी कपाटात ठेवून देणे मला योग्य वाटत नाही, कारण बऱ्याच वापरानंतर विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतील मजकूर उष्णतेने लवकर क्षीण होतो, आणि मे महिन्यात आपल्याकडील टिनाच्या खोलीतले कपाट किती तापते हे आपणांस ठाऊकच आहे.