क्रॉसरोड्स गिटार महोत्सव: सुरुवात 2007 पासून करा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दोन वर्षं गिटार शिकताय, तर ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या क्रॉसरोड्स महोत्सवाची इतकी रेकॉर्डिंग्ज आहेत त्यातलं आधी कोणतं बघावं? आणि तबला वाजवणारे बाबा म्हणतात, 'हे सगळे एकच गाणं वाजवतायत', त्यांना काय सांगावं?

आधी 2007 चं बघा. 2004 डॅलसचं, 2010, 2013, 2019 आणि 2023 ही नंतर. 28 जुलै 2007 ला शिकागोजवळच्या ब्रिजव्ह्यू इथल्या फुटबॉल मैदानावर दिवसभर ही मैफल चालली. उत्पन्न क्लॅप्टनने 1998 मध्ये अँटिग्वा बेटावर सुरू केलेल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी होतं. हेरॉइन आणि दारू या दोन्हींतून तो स्वतः बाहेर आलाय, त्यामुळे या कामामागची कळकळ खरी आहे. डीव्हीडीच्या दोन डिस्क आहेत. एका बैठकीत संपवू नका.

आता बाबांसाठी. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही, साचा खरोखरच एक आहे. या महोत्सवाचा पाया म्हणजे ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. बारा बारचा ब्लूज म्हणजे बारा मापांचं आवर्तन, प्रत्येक मापात चार मात्रा. पहिली चार मापं सा च्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर), मग दोन म वर, दोन परत सा वर, एक प वर, एक म वर आणि शेवटची दोन पुन्हा सा वर. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, तिसरी ओळ तिला उत्तर देते. दर ओळ निम्म्या जागेत संपते आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. तीनतालात हजारो बंदिशी आहेत म्हणून त्या एकसारख्या होत नाहीत, हे तबलजीला समजावून सांगावं लागणार नाही. त्यांना फक्त सम कुठे येते ते दाखवा. सुरांचंही तसंच. तुम्ही शिकलात ती मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे धानी रागाचे पाच सूर: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. फरक गंधारात आहे. ब्लूजवाला कोमल ग दाबून तार ओढतो आणि शुद्ध ग च्या अलीकडेच कुठेतरी थांबतो. ती जागा पेटीवर नाही, गळ्यात आणि तारेवर आहे.

हे कानात बसलं की ब्लूजचा बुजुर्ग गिटारवादक बी. बी. किंग याचा भाग लावा. तेव्हा वय 81, खुर्चीत बसून वाजवतोय, आजूबाजूला रॉबर्ट क्रे, जिमी व्हॉन आणि ब्लूज गायक हाउलिन वुल्फचा जुना साथीदार ह्यूबर्ट समलिन. किंग गाताना गिटार वाजवत नाही. ओळ संपली की मगच गिटार उत्तर देते, तेही चार-पाच सुरांत. शेवटच्या सुरावर मनगट हलवून तो जे आंदोलन देतो त्यावरून माणूस ओळखू येतो. वेगाच्या मागे लागलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा भाग आठवड्यातून एकदा बघावा असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः सर्वांत जास्त वेळा परत जातो ते डेरेक ट्रक्सकडे. त्याचा काका बुच ट्रक्स हा ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडचा ड्रमर. क्लॅप्टन आणि त्या बँडचा ड्युएन ऑलमन यांनी 1970 मध्ये 'डेरेक अँड द डॉमिनोज' या नावाखाली जो अल्बम केला, त्या नावावरूनच 1979 साली जन्मलेल्या या मुलाचं नाव ठेवलं गेलं. ड्युएन 1971 मध्ये चोविसाव्या वर्षी मोटरसायकल अपघातात गेला. आणि 2007 मध्ये क्लॅप्टनच्या शेजारी उभं राहून त्याच अल्बमच्या 'टेल द ट्रुथ' मधली ड्युएनची स्लाइड (तारेवर नळी सरकवून वाजवायची पद्धत) डेरेक वाजवतोय. गुरूला कधी न भेटलेल्या शिष्याने घराण्याची गायकी पुढे न्यावी, तसंच हे. त्याच्या स्लाइडमध्ये बाबांना मींड ऐकू येईल, आणि तो भास नाही: डेरेक अली अकबर खाँसाहेबांचं सरोद मनापासून ऐकत आलाय. बोटात काचेची नळी, हातात तार छेडायची पिक नाही. सूर कुठे थांबणार हे कान ठरवतो, पडदा नाही. त्याच्या बँडबरोबर जॉनी विंटर 'हायवे 61 रिव्हिजिटेड' वाजवतो तेही सोडू नका.

सनी लँड्रेथ स्लाइडच्या मागच्या बाजूला बोटं दाबून सूर काढतो. त्याच्या हाताचा क्लोज-अप आला की थांबवून बघा. व्हिन्स गिल आणि अल्बर्ट ली यांचा कंट्रीचा भाग चांगला आहे, पण तो नंतर पाहिला तरी चालेल.

जेफ बेकसाठी मात्र घरातले दिवे मंद करा. 'कॉज वी हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स' ही चाल स्टीव्ही वंडरची, बेकने 1975 च्या अल्बममध्ये वाजवलेली. तो पिक वापरत नाही. करंगळीने व्हॉल्यूम फिरवत सूर शून्यातून वर आणतो, तळव्याखालच्या दांडीने तो लववतो. मग बेसवर ताल विल्कनफेल्ड सोलो घेते. वय वीस. एवढा मोठा कलाकार बाजूला होतो आणि तिला पूर्ण जागा देतो. किंग, विंटर, समलिन, बेक यांच्यापैकी आज कोणीच हयात नाही, म्हणून ही चित्रफीत मला जपून ठेवण्यासारखी वाटते.

शेवटी ब्लूज गिटारवादक बडी गाय आणि बाकीचे मिळून 'स्वीट होम शिकागो' वाजवतात. रॉबर्ट जॉन्सनने 1936 मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं, सरळ बारा बारचं. त्या वेळी बाबांना हातावर मापं मोजायला सांगा. तिसऱ्या आवर्तनापर्यंत ते सम तुमच्या आधी पकडतील. आणि त्यांना गोडी लागली तर पुढे 2004 च्या महोत्सवाकडे वळा. तिथे पंडित विश्वमोहन भट्टही मोहनवीणा, म्हणजे स्लाइडने वाजवायची बदललेली गिटार, घेऊन गेले होते.