विमानाच्या पंखावरील फ्लॅप आणि स्लॅट

प्रश्न : उतरताना विमानाच्या पंखाचा मागचा भाग खाली का सरकतो आणि पुढे फट का पडते?

उत्तर : पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, वेग निम्मा झाला की, बाकी सारे तसेच राहिल्यास, उचल एकचतुर्थांशच उरते. एअरबस ए३२० उतरताना मात्र वेग ताशी सुमारे २५० किलोमीटरपर्यंत आणावा लागतो, म्हणून मागच्या कडेचे हलते भाग, म्हणजे फ्लॅप, मागे व खाली सरकून पंखाचे क्षेत्रफळ आणि बाक वाढवतात. पुढच्या स्लॅटचे, म्हणजे पुढच्या कडेवरील सरकत्या पट्टीचे, काम मला अधिक विलक्षण वाटते : त्याच्यामागील अरुंद फटीतून खालची जास्त दाबाची हवा वेगाने वर येते आणि पंख बराच तिरपा झाला तरी वरचा प्रवाह पृष्ठभाग सोडत नाही. उड्डाण घेताना फ्लॅप थोडेच उघडतात, कारण पूर्ण उघडल्यास हवेचा विरोध फार वाढतो. उतरताना तोच विरोध उपयोगी पडतो.