कृष्णेच्या तळाशी उन्हाळ्यातच लाल अळ्या का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीचा. थंडीत पोराला घेऊन हरिपूरच्या संगमावर जातो, तिथं दगड उलटला की गोगलगायी, शिंपले, शेपट्यावाले बारके किडे असं काय काय सापडतं. मे महिन्यात घाटाजवळ चिखल उकरला तर नुसत्या लालभडक अळ्या! आणि पूर ओसरल्यावर बघावं तर काहीच नाही. नदी सडली म्हणायची का? अळ्या डासाच्या आहेत का, पोरगं हात घालतंय म्हणून विचारतो.
– एक वाचक

उत्तर : आधी पोराचं सांगते. त्या डासाच्या अळ्या नाहीत. डासाच्या अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या वरच्या थराला येतात, या लाल अळ्या चिखलातच बारीक नळी करून राहतात. मोठं झाल्यावर हुबेहूब डासासारख्या दिसतात, संध्याकाळी दिव्याभोवती थवेच्या थवे असतात ना तेच, पण चावत नाहीत. अळीपासून काही धोका नाही, पाण्यातल्या घाणीपासून आहे, त्यामुळे साबणाने हात धुवायलाच लावा.

लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं तसलंच, त्यामुळे ऑक्सिजन अगदी कमी असला तरी यांचं भागतं. पाणी २० अंशाला असेल तर लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच, त्यात उन्हाळ्यात धार बारीक झालेली आणि सांडपाणी येतं तेवढंच येतं (शहराचं सांडपाणी नदीत आणणारा शेरीनाला काय चीज आहे ते सांगलीकरांना मी काय सांगणार), ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खातं. मग शेपट्यावाले किडे, म्हणजे मेफ्लायची पिल्लं, यांना पोटाच्या कडेला नाजूक कल्ले असतात, ती आधी जातात आणि लाल अळ्यांना रान मोकळं. म्हणून मे महिन्यात चिखल वळवळताना दिसला तरी जीव भरपूर आणि जाती मोजक्याच असा प्रकार असतो.

पुराचं वेगळंच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटाला धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं. एवढ्या लोंढ्यात तळ खरवडून जातो नाहीतर गाळाखाली गाडला जातो, पाणी गढूळ म्हणून दगडावर शेवाळ धरत नाही, मग ते खाणाऱ्यांनी जगायचं कशावर? ऑक्टोबरनंतर पाणी निवळलं की वरच्या अंगाने वाहत आलेले जीव ठाण मांडतात, उडते किडे येऊन अंडी घालतात. शिंपल्यांची तर गंमतच आहे, त्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून फुकटात प्रवास करतात आणि लांब कुठंतरी तळाशी उतरतात! हे सगळं जमेपर्यंत डिसेंबर उजाडतो, म्हणून थंडीत तुम्हाला जास्त प्रकार दिसतात.

पण एक घोळ आहे बघा. थंडीत तुम्ही हरिपूरला बघता, जिथं वारणेचं पाणी येऊन मिळतं, आणि उन्हाळ्यात घाटाजवळ, मग फरक ऋतूचा की जागेचा हे कळणार कसं? एकच जागा धरा, चहाची जुनी गाळणी आणि पांढरी डिश न्या, डिसेंबरात एकदा आणि मे मध्ये एकदा बघा, किती जीव सापडले त्यापेक्षा किती प्रकारचे सापडले ते लिहून ठेवा आणि बघून झालं की परत पाण्यात सोडा. डिसेंबरातही तिथं नुसत्या लाल अळ्याच निघाल्या तर दोष उन्हाळ्याचा नाही, सांडपाण्याचा.