नवरा हयात, घटस्फोट नाही. निराधारचा पगार मिळेल का?

प्रश्न : वकीलताई, माझं वय ४१. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याने घरातून काढलं. तो पुण्यात दुसऱ्या बाईबरोबर राहतो. घटस्फोट झालेला नाही, कोर्टकचेरी काही केलेली नाही. मी माहेरी, मराठवाड्यातल्या एका खेड्यात दोन लेकरांना घेऊन राहते. मुलगी १६ वर्षांची, मुलगा १३ वर्षांचा. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या सातबारावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं वारस म्हणून लागली. जमीन भाऊ कसतो, मी रोजंदारीला जाते. लाडकी बहीणचे पैसे येत होते. ई-केवायसीला नवऱ्याचा आधार आणि ओटीपी मागितला, तो देईना, पैसे थांबले. म्हणून संजय गांधी निराधारसाठी तहसीलला गेले. तिथे म्हणाले, नवरा जिवंत आहे, घटस्फोटाचा कागद नाही, वर भावाची शेती. आधी हक्कसोड करून सातबारावरचं नाव कमी करा, मग बघू. अर्ज घेतलाच नाही. एक जण पाच हजारांत काम करून देतो म्हणतोय. काय करू?

उत्तर : ताई, हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडून देण्याच्या कागदावर, सही करू नका. बाकीचं सगळं पुढे सविस्तर सांगते, पण हे आधी. निराधारचा पगार महिन्याला १५०० रुपये आहे, आणि तो सरकारच्या निर्णयावर चालतो. नियम बदलला की बंदही होऊ शकतो. जमिनीतला हिस्सा तुमचा आहे आणि तो कोणाच्या मर्जीवर नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार असते, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तरी आई, भाऊ आणि तुम्ही समान वारस आहात. कसंही मोजलं तरी तुमच्या वाट्याला साधारण एक एकर येतो. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली, फेरफार मंजूर झाला, की ते रद्द करून घ्यायला दिवाणी दावा लावावा लागतो, आणि तिथे फसवणूक किंवा दबाव सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. पुढे भावाशी बिनसलं किंवा भावजयीने वेगळा विचार केला, तर लेकरांना घेऊन उभं राहायला तेवढीच जागा असेल. भाऊ आज चांगला वागतो म्हणून मी हे लिहायचं टाळणार नाही. अशा सह्या बहुतेक वेळा चांगल्या वागणाऱ्या भावांसाठीच केलेल्या असतात.

पगार मिळण्यासाठी हक्कसोड करा, असं म्हणणं मुळातच चूक आहे. पाहायचं असतं ते उत्पन्न. उताऱ्यावर नाव आहे म्हणजे तेवढं पीक तुमच्या घरात येतं असं होत नाही. एका एकर कोरडवाहू शेतात बियाणं, खत, फवारणी, काढणी-मळणी वजा जाता काय उरतं, आणि त्यातलं तुमच्या हाती किती येतं, ते तलाठ्याने चौकशीत लिहायला हवं. भाऊ वर्षाकाठी दोन-चार पोती धान्य देत असेल तर तेही खरं सांगा.

आता घटस्फोटाच्या कागदाचं. संजय गांधी निराधार अनुदान योजना फक्त विधवांची नाही. १८ ते ६५ वयाच्या निराधार व्यक्ती, दिव्यांग, विधवा, घटस्फोटित, आणि यांच्याबरोबरच परित्यक्ता असा वेगळा गट त्यात आहे. नवऱ्याने टाकलेली, पण विवाह कायद्याने मोडलेला नाही, अशी स्त्री म्हणजे परित्यक्ता. तिच्याकडे घटस्फोटाचा हुकूम असता तर ती घटस्फोटितांच्या गटात गेली असती. परित्यक्तेकडे तो कागद मागणं म्हणजे तिचा गटच नाकारणं. तुम्ही अर्ज परित्यक्ता म्हणूनच करा. महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याची अट तुम्ही जन्मापासूनच पुरी करता.

खरी अडचण उत्पन्नाची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असायला हवं. म्हणजे महिन्याला १७५०. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ६८ दिवस काम केलं तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ज्या बाईच्या घराला सरकारच वर्षाला निदान शंभर दिवस कामाची हमी देतं, तिने ते काम पूर्ण केलं तर ती निराधार उरत नाही, असा याचा अर्थ निघतो. माझ्या मते ही मर्यादा अन्यायकारक आहे. दिव्यांगांसाठी ती ५०,००० केली, तशी एकट्या बायांसाठीही करायला हवी. पण ती बदलेपर्यंत अर्ज याच आकड्यावर तपासला जाणार. म्हणून तुम्हाला वर्षात प्रत्यक्ष किती दिवस काम मिळालं, दर काय होता, पावसाळ्यात आणि आजारपणात किती दिवस घरी बसावं लागलं, याचा हिशेब एका कागदावर लिहून तलाठ्याला द्या. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, काम तेच. अंदाजाने आकडा टाकण्याची सवय असते, तिला तुमचा कागद हाच उपाय. खोटा आकडा मात्र लिहू नका; स्वयंघोषणापत्र खोटं निघालं तर वसुली होते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

भावाचं उत्पन्न तुमच्यात धरता येणार नाही, हा मुद्दा मी तुमच्या बाजूने ठामपणे मांडेन. हिंदू दत्तक व पोषण कायदा, १९५६ प्रमाणे पत्नीला सांभाळण्याची जबाबदारी नवऱ्याची आहे, आणि लेकरांची आईबापांची. लग्न झालेल्या बहिणीला पोसण्याचं बंधन कायद्याने भावावर टाकलेलं नाही. त्याने आसरा दिला हा त्याचा चांगुलपणा आहे. तो उत्पन्न म्हणून मोजला तर बहिणीला घरात घेणारा प्रत्येक भाऊ तिचा पगार घालवेल. कागदावर हे दिसावं म्हणून रेशनकार्ड वेगळं करून घ्या. तुमचं नाव अजून सासरच्या कार्डावर असेल. नवरा संमती देत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, की सहा वर्षांपासून मी तिथे राहत नाही, नाव कमी करून मला आणि मुलांना विभक्त शिधापत्रिका द्यावी. अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डासाठी घरातली सगळ्यात मोठी बाईच कुटुंबप्रमुख असते, तेव्हा नव्या कार्डावर तुमचंच नाव वर येईल.

टाकलं आहे हे सिद्ध कसं करायचं, असं तुम्हाला विचारतील. मुलांचे शाळेचे दाखले माहेरच्या गावचे आहेत, कधीपासूनचे ते त्यावर दिसतं. मतदार यादी, अंगणवाडी किंवा आशाताईंकडची नोंद, पोलिसांत कधी तक्रार दिली असेल तर तिची प्रत, हे जमवा. तलाठ्याने घरी येऊन पंचनामा करावा आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत, अशी लेखी मागणी करा. स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ५०० चा बाँड आणा म्हटलं तर ही माफी दाखवा.

अर्ज घेत नाहीत, यावर सोपा उपाय आहे. सेतू केंद्रातून किंवा थेट तहसीलच्या आवक-जावक टेबलावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. तिथे नाही म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह तहसीलदारांच्या नावाने पाठवा. तोंडी नकाराविरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही, हे खिडकीवरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. अर्ज दाखल झाला की तो तालुका समितीपुढे जातो, तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. दीड-दोन महिने काहीच कळलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तीनच गोष्टी विचारा : माझा अर्ज कोणत्या तारखेच्या बैठकीत ठेवला, काय निर्णय झाला, कोणत्या नियमाने. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर ते १० रुपयेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका, असा रस्ता आहे. पण हातात लेखी नकार आला की तहसीलमध्येच पुष्कळदा सूर बदलतो.

त्या पाच हजारवाल्याला काही देऊ नका. समितीत मंजुरी विकत मिळत नाही, आणि अर्ज मंजूर झाला तर तो त्याने केला असंच तो म्हणणार.

लाडकी बहीण आणि निराधार हे दोन्ही पगार एकत्र मिळणार नाहीत. लाडकी बहीणच्या नियमात दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त घेणारी बाई बसत नाही. उद्या ते पैसेही पुन्हा सुरू झाले आणि दोन्ही रकमा तुमच्या खात्यात आल्या, तर एक स्वतःहून लेखी कळवून थांबवा. नंतरची वसुली जड जाते. तरीही निराधारचा अर्ज कराच. त्यात नवऱ्याच्या ओटीपीवर काही अडत नाही. ज्याने टाकलं, त्याच्याच मोबाईलवर आलेला आकडा बायकोने मागून आणावा, अशी रचना ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांपुढे तुमच्यासारख्या बाया नव्हत्या.

पोटगी मागितली तर निराधारचा पगार जाईल, अशी भीती बाळगू नका. नवरा कमावतो, दुसरीबरोबर राहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली तुम्ही आणि दोन्ही मुलं तुमच्या तालुक्याच्याच कोर्टात अर्ज करू शकता, पुण्याला जायची गरज नाही. त्याने दुसरी बाई ठेवली आहे, एवढं कारण तुम्ही वेगळं राहायला पुरेसं आहे. दावा चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. महिना ३००० मंजूर होऊन नियमित येऊ लागले तर वर्षाचे ३६,००० होतात, मग निराधारचा पगार थांबू शकतो. थांबला तरी तुमचं नुकसान नाही. नुसता आदेश झाला आणि नवरा दमडी देत नाही, तर ते तुमचं उत्पन्न नाही. पासबुक दाखवून तसं लेखी सांगा. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज मात्र एक वर्षाच्या आत करावा लागतो. वकिलाच्या फीची चिंता नको : कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० वर फोन करा.

आणि जे तुम्ही विचारलंच नाही ते सांगते, कारण तुमच्या घरात सगळ्यात जास्त पैसे तिथून येऊ शकतात. बालसंगोपन योजनेत एकाच पालकाकडे असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत दरमहा २२५० रुपये मिळतात, प्रत्येक मुलामागे. दोघांचे ४५०० होतात, निराधारच्या पगाराच्या तिप्पट. हे काम तहसीलमध्ये होत नाही. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज, घरी येऊन चौकशी, मग बाल कल्याण समितीचा आदेश असा क्रम आहे. मुलगी १६ ची आहे, म्हणजे तिची दोनच वर्षं उरली आहेत. या आठवड्यात हा अर्ज पहिला करा, निराधारचा त्यानंतर.

हे अर्ज टाकण्याआधी बँकेत जाऊन एकदा विचारा की तुमचं आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे. सरकारी पैसे आता आधार जोडलेल्या खात्यातच जातात. सासरी असताना नवऱ्याबरोबर जोडखातं काढलं असेल आणि आधार तिथेच राहिलं असेल, तर मंजूर झालेला पगार त्याच्या हाती पडेल. फक्त तुमच्या नावाचं, शून्य शिल्लकीचं खातं काढा, आधार तिकडे वळवण्याचा फॉर्म भरा आणि त्याची पोच घेऊनच बाहेर पडा.