आईचे गुडघे, लेकीची चित्रवही आणि मे महिना
उन्हाळी सुट्टीसाठी परदेशातलं शहर निवडताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

जानेवारी सरत आला की मे महिन्याची पत्रं येऊ लागतात. बहुतेक पत्रांत शहरांची यादी लांबलचक असते आणि कोण कोण जाणार हे शेवटच्या ओळीत उरकलेलं असतं. मी पत्र खालून वर वाचते. आधी माणसं, मग महिना आणि सगळ्यात शेवटी शहर. लोकांच्या सहली आखून देण्याचं काम दादरला बावीस वर्षं करते आहे, पण हा क्रम कधी बदलावा लागला नाही.

प्रश्न : आम्ही सहा जण. मी, बायको, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं, आणि आई-बाबा. सगळ्यांचाच हा पहिला परदेश प्रवास. आईचे गुडघे दुखतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवस मिळतात. सिंगापूर, दुबई आणि बँकॉक यांवरून घरात तीन पक्ष पडलेत. – एक वाचक, गिरगाव

सिंगापूर. कारण मात्र सविस्तर सांगते, कारण उरलेले दोन पक्ष ते मागणारच.

हवा तिन्हीकडे गरमच असेल. सिंगापूर विषुववृत्ताला इतकं लागून आहे की तिथे वर्षभर ३१-३२ अंश आणि घाम, म्हणजे गिरगावातला मे. दुबईत त्या सुमारास पारा ३८च्या पुढे जातो. ग्लोबल व्हिलेजसारख्या उघड्यावरच्या जागांचा हंगामही मेच्या आसपास संपतो, मग दिवस मॉलमध्ये जातो. बँकॉकमध्ये एप्रिल-मे हा वर्षातला सर्वांत तापलेला काळ, आणि तिथली पाहण्यासारखी देवळं उन्हात, पायऱ्यांवर उभी आहेत.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या वडिलांना मी एकदा मे महिन्यातच बँकॉकला नेलं होतं. वाट अरुण नावाच्या देवळाच्या उभ्या पायऱ्यांपाशी ते थांबले, सावली शोधून बसले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या." त्यानंतरच्या चार दिवसांत ते वाक्य मी सात-आठ वेळा ऐकलं. त्यांनी तक्रार केली नाही, पण सहल आमची झाली, त्यांची झाली नाही. तेव्हापासून शहर सुचवताना मी एवढंच बघते, की कोणावर "तुम्ही जाऊन या" म्हणायची वेळ येईल का.

सिंगापूरमध्ये ती फारशी येत नाही. एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, तिच्या सगळ्या स्थानकांत लिफ्ट आहेत. गार्डन्स बाय द बेमधल्या दोन मोठ्या काचगृहांत गारवा असतो आणि क्लाउड फॉरेस्टमध्ये ३५ मीटर उंचीचा धबधबा आत शिरताच समोर येतो. त्याच बागेतल्या उंच लोखंडी झाडांवरचा रात्रीचा दिव्यांचा खेळ फुकट आहे. प्राणिसंग्रहालय, नदीकाठचे प्राणी, नाइट सफारी आणि पक्षी हे सगळं आता मंडाई भागात एकत्र आलंय. जुन्या माहितीत जुरोंगचं पक्षी उद्यान सापडेल, ते २०२३च्या सुरुवातीला बंद झालं आणि त्याच वर्षी मंडाईत नवं उघडलं. नाइट सफारीला ट्राम आहे, आईंनी उतरलंच पाहिजे असं नाही.

दिवस असा लावा. सकाळी लवकर बाहेर, साडेअकरापर्यंत परत. जेवण आणि झोप. दुपारी त्या दिवसांत वळिवासारखी सर येते, ती खोलीतून बघा. साडेचारला पुन्हा बाहेर. हॉटेल समुद्र दिसणारं नको, एमआरटी स्थानकाला चिकटलेलं हवं. लिटल इंडियात घेतलंत तर सेरंगून रस्त्यावर इडली-डोशाच्या शाकाहारी खानावळी आहेत. बाबांना तिसऱ्या दिवशी वरण-भाताची आठवण येईल, तेव्हा त्या कामी येतील. तिथल्या शाळांची सुट्टी मेच्या अखेरीस लागते, त्यामुळे तुमच्या तारखांना गर्दी त्या मानाने कमी. व्हिसा आधी काढावा लागतो आणि आगमनाचा ऑनलाइन अर्ज पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. सहा जणांचे सहा अर्ज, एका जणावर सोपवा.

प्रश्न : पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, प्राग आणि व्हेनिस, नऊ दिवसांत. आम्ही दोघं आणि आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी. ती वही घेऊन चित्रं काढत बसते, तिला वेळ मिळेल ना? – एक वाचक, ठाणे

नाही मिळणार. एक शहर बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरणं, खोली सोडणं, स्टेशन, गाडी, पुढच्या हॉटेलात दुपारी तीनला खोली मिळेपर्यंत सामान सांभाळत फिरणं. अर्धा दिवस जातोच. पाच ठिकाणं म्हणजे चार बदल, म्हणजे नवातले दोन पूर्ण दिवस बॅगांच्या नावावर. आणि मुलगी वही उघडेल तेव्हा तुम्ही म्हणाल, "चल, गाडी चुकेल."

तुमच्या यादीत नसलेलं शहर सुचवते : व्हिएन्ना. नऊच्या नऊ रात्री तिथेच. मेमध्ये हवा वीस अंशांच्या आसपास असते, एक जाकीट पुरतं. पण मी हे हवेसाठी सांगत नाही, तुमच्या लेकीसाठी सांगते. मुंबईत वाढलेल्या आणि इमारती शिकणाऱ्या मुलीला हे शहर ओळखीचं वाटेल. फोर्टातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोचा दर्जा मिळाला. या दोन शैलींच्या मधल्या काळात युरोपात काय घडत होतं ते व्हिएन्नात रस्त्यावर उभं आहे. वास्तुकार ओटो वाग्नरची कार्ल्सप्लाट्झची स्थानकं, सोनेरी पानांच्या घुमटाचं सेसेशन हे कलाकारांचं प्रदर्शन-भवन, १९०६ साली सुरू झालेली पोस्टाच्या बचत बँकेची इमारत. एका दुपारी तिला कार्ल मार्क्स होफला घेऊन जा. कामगारांसाठी शहराने बांधलेली ही वसाहत १९३० साली पुरी झाली. एकच इमारत, एक किलोमीटरहून लांब, तेराशेहून जास्त घरं, मध्ये मोठाली अंगणं. आपल्या वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीही १९२०च्या दशकातल्या. त्याच सुमारास दोन शहरांनी कामगारांची घरं कशी बांधली, हे वहीत शेजारी-शेजारी काढण्यासारखं आहे. माझा जीव या शहरावर आहे तो अशाच गोष्टींमुळे.

तुम्हा दोघांना डोंगर हवा असेल तर झेमरिंगची रेल्वे आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. आल्प्समधला हा घाट १८५४ साली सुरू झाला, आपल्या बोरघाटाच्या नऊ वर्षं आधी. खंडाळ्याच्या बोगद्यांत मान बाहेर काढून बसलेल्या माणसाला त्या दगडी पुलांचं वेगळं कौतुक वाटतं. एखाद्या दिवशी स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा, गाडीने तासाभरावर. फारच वाटलं तर हंगेरीतलं बुडापेस्ट, गाडी साधारण पावणेतीन तास घेते, पण मग एक रात्र तिथे राहा. तिथे युरो चालतोच असं धरू नका, चलन फोरिंट आहे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत एकच चालणारा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑस्ट्रिया. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुंबईत मार्चनंतर भेटीची वेळ मिळणं अवघड होत जातं, म्हणून विमानाच्या तिकिटांआधी ती वेळ बघा.

प्रश्न : मी ६३ वर्षांची, निवृत्त इतिहास शिक्षिका. लंडनला जायची इच्छा कॉलेजपासूनची आहे. मुलगा म्हणतो ग्रुपबरोबरच जा, एकटी नको. मला ग्रुपमध्ये वस्तुसंग्रहालयाला दीड तास मिळतो हे मैत्रिणींकडून कळलंय. – एक वाचक, डोंबिवली

बाई, तुम्ही एकट्या जा. मुलाची काळजी खोटी नाही, पण पहाटेच्या फास्ट लोकलमध्ये तीस वर्षं चढलेल्या बाईला लंडनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, जड जाणार नाही.

ब्लूम्सबरी भागात, चालत ब्रिटिश म्युझियम गाठता येईल अशी साधी खोली दहा रात्रींसाठी घ्या. खोली महाग पडेल, हे मान्य. पण ते पैसे दुसरीकडे वाचतात, कारण ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम यांना प्रवेश फुकट आहे. फुकट असल्यामुळे एका दिवसात संपवायची सक्ती राहत नाही. रोज सकाळी दोन तास एकच दालन. रोझेटा शिळेपुढची गर्दी ओसरेपर्यंत आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांपुढे उभ्या राहा. ती तिथे का आहेत हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षिकेला पडेलच. दुसऱ्या दिवशी त्याच दालनात परत जाता येईल, आणि हीच मोकळीक ग्रुपमध्ये मिळत नाही.

एक दिवस चॉक फार्म स्थानकावर उतरून १०, किंग हेन्रीज रोडला जा. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. उघडण्याच्या वेळा जाण्याआधी बघून घ्या. हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाऊस, भिंतीवर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. तिथे लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघायचं. आणि एका संध्याकाळी मराठी बोलावंसं वाटलं तर १९३२ पासून चालू असलेलं महाराष्ट्र मंडळ आहे. मंडळाच्या कार्यक्रमांच्या तारखा पाहून जायचे दिवस ठरवलेत तर मुलगाही निवांत होईल.

मेच्या अखेरीला तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधाराची भीती कमी. थंडी मात्र आपल्या डिसेंबरहून जास्त, पारा सतराच्या आसपास आणि वारा. शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही, वेगळा काढावा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. पेन्शनची कागदपत्रं आणि बँकेचे उतारे नीट लावा. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं पत्र आणि त्याचेही उतारे जोडा.

प्रश्न : लग्नानंतरची पहिली सहल, १ ते ८ मे. जपानमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा बहर बघायचा आहे. टोकियो की क्योटो? – एक वाचक, परळ

दोन्ही नाही. तिथला बहर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच ओसरतो. शिवाय २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा सुट्ट्यांचा आठवडा, सगळा देश घराबाहेर पडतो आणि हॉटेलं दुप्पट भावाला जातात. साकुराचाच हट्ट असेल तर उत्तरेला होक्काइदोत हाकोदाते गाठा. तिथल्या चांदणीच्या आकाराच्या गोर्योकाकू किल्ल्याभोवती एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत झाडं फुललेली असतात. टोकियोहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने चार तासांच्या आसपास लागतात. आरक्षण आजच करा. शाकाहारी असाल तर नुसत्या भाज्यांच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो हे ध्यानात ठेवा, विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : पासपोर्ट एप्रिलमध्ये हातात येतील. व्हिसाची भानगड नसलेलं, चौघांना परवडणारं शहर? – एक वाचक, बोरिवली

क्वालालंपूर. भारतीयांना मलेशियाची व्हिसामाफी २०२६ अखेरपर्यंत आहे, तरी तिकीट काढायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर खात्री करा. डोंगराळ हवा हवी असेल तर कझाकस्तानचं अल्माटी, तिथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. शहरावर बर्फाची शिखरं आहेत आणि सफरचंदाचं रानटी मूळ त्याच डोंगरांतलं. फक्त एप्रिल-मे हे तिथले पावसाचे महिने, छत्री हवी. व्हिसा नाही म्हणून विचारपूस नाही असं समजू नका. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण छापून हाताशी ठेवा.

प्रश्न : आजी ७६ वर्षांची, मूळ रत्नागिरीची. म्हणते, परदेशात आपलं कोण आहे? तिला सोडून जायचं नाही आणि न्यायचं तर कुठे ते कळत नाही. – एक वाचक, लालबाग

मॉरिशसला न्या, तिथे आजींच्या गावाकडची माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जी मजुरांची जहाजं निघाली, त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची खूप माणसं होती. त्यांच्या पणतू-खापरपणतूंची मराठी मंडळं आजही आहेत, शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. घरात बोलणं क्रिओल या तिथल्या बोलीत होत असलं तरी आरती मराठीतच म्हणतात.

मेमध्ये तिथला हिवाळा सुरू होत असतो. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं, आणि व्हिसा आधी काढावा लागत नाही. पोर्ट लुई बंदरभागात उकाडा जास्त, म्हणून मुक्काम वरच्या पठारावर कात्र बोर्नला करा. तिथून बंदरापर्यंत मेट्रो आहे, आजी बसून जातील. पांपलमूसच्या बागेतली थाळीएवढी नव्हे, परातीहून मोठी कमळपानं त्यांना दाखवा.

बंदराजवळच्या आप्रवासी घाटाला मात्र सकाळच्या गारव्यात जा. जहाजातून उतरलेली माणसं ज्या दगडी पायऱ्यांवरून वर आली, त्या जपून ठेवल्या आहेत. जागा लहान आहे, चालणं थोडं. शेजारच्या संग्रहालयात बसायला वेळ ठेवा आणि आजींना त्यांच्या गावाकडून कोणी मॉरिशसला गेल्याचं कानावर आलं होतं का, ते विचारा.